नव्या संगणकातला बिनबोलावलेला पाहुणा

१/ नवा संगणक घरी येतो तेव्हा त्यात एक अँटीव्हायरस बहुधा आधीच बसलेला असतो. आपण तो मागितलेला नसतो. तो काढून दुसरा बसवण्याचा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्याला सुमारे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील एक अध्याय पुण्यात घडला. म्हणून हा धागा.

२/ आरंभ लाहोरातून. १९८६ मध्ये बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरील पहिला विषाणू मानला जातो. फ्लॉपीच्या ज्या भागापासून संगणक सुरू होई, तिथेच तो ठाण मांडी. विशेष म्हणजे त्यात कर्त्यांची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही होते. इतका प्रामाणिक उपद्रवी विरळाच!

३/ आता पुणे. मूळचे रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणू सापडू लागले, तेव्हा ते काढणारे प्रोग्रॅम संजय यांनी लिहिले आणि त्यांतूनच ‘क्विक हील’ उभे राहिले. १९९५ मध्ये नोंदलेल्या कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले; फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. प्रयोगशाळेपेक्षा दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेले हे उत्पादन आहे, हे मला त्याच्या यशाचे मोठे कारण वाटते.

४/ अशा उत्पादनाची गरज साऱ्या जगाला पटवणारी तारीख म्हणजे २६ एप्रिल १९९९. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याचा ‘सीआयएच’ विषाणू त्या दिवशी जागा झाला. तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी आणि काही मदरबोर्डांवरील बायोसही निकामी करी. चेर्नोबिल दुर्घटनेचीही तीच तारीख, म्हणून त्याला ते नाव चिकटले.

५/ मग आधीच बसवलेले अँटीव्हायरस आले कुठून? अर्थकारण साधे आहे. संगणकात जागा मिळावी म्हणून अँटीव्हायरस कंपनी उत्पादकाला पैसे देते. ग्राहकाला काही दिवस फुकट वापर मिळतो. मुदत सरली की नूतनीकरणाची सूचना येते. आपल्या भीतीचा आणि आळसाचा हा पक्का हिशेब आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचा डिफेंडर दिला, तेव्हा या व्यवसायात नवी स्पर्धा आली. २०१७ मध्ये कॅस्परस्कीने त्याविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. मायक्रोसॉफ्टने काही बदल मान्य केल्यावर ती मागेही घेतली.

६/ भिवापुरात आमच्या घरी एकाच संगणकावर मिरचीच्या विक्रीचे हिशेब, सातबाऱ्याचे स्कॅन आणि लग्नांची छायाचित्रे आहेत. त्यावरची फुकट मुदत संपत आली तेव्हा काका म्हणाले, “दोन्ही राहू दे ना बाप्पा, दोन चौकीदार बरे!” तर्क आकर्षक, पण चुकीचा. असे दोन प्रोग्रॅम प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, संगणक मंदावतो. शिवाय एकाकडील विषाणूंच्या नमुन्यांना दुसरा विषाणूच समजू शकतो.

७/ म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम हिशेब व छायाचित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी. नवा प्रोग्रॅम कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडून आणून ठेवावा. मग जुना अँटीव्हायरस कंट्रोल पॅनेलमधून काढावा. मॅकॅफी, नॉर्टन यांसारख्यांचे अवशेष मागे राहतात. ते पुसण्याचे साधन त्याच कंपन्या फुकट देतात. संगणक पुन्हा सुरू करावा आणि मगच नवा बसवावा. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून कोणाचे नाव दिसते ते पाहावे. मधल्या काळात डिफेंडर बहुधा आपोआप जागा होतो. काकांनी त्यालाच कायम ठेवले. वाचलेल्या पैशांतून प्रत ठेवायला दुसरी हार्ड डिस्क आली.