करडा अरबी घोडा घेताय? रंगाला भुलू नका, आधी हे तपासा

शहादा तालुक्यातील सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार असो की लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, पांढरा-करडा घोडा दिसला की ‘अरबी आहे’ असं सांगणारे भेटतातच. अरबीच्या नावावर दरही चढतो. पण रंग ही जातीची खूण नाही. मारवाडी, काठेवाडी घोडेही करडे असतात, आणि अरबी घोडा तांबडा, लालसर किंवा काळाही असतो.

करडा आणि नुकरा वेगळा
करडा (सब्जा) घोडा जन्मतः गडद रंगाचा असतो. वयासोबत केस पांढरे होत जातात आणि साधारण 6 ते 10 वर्षांत तो पांढराशुभ्र दिसतो. केस पांढरे झाले तरी कातडी काळीच राहते. नाकपुडी आणि डोळ्यांभोवती बघा, किंवा अंगावर पाणी टाका, लगेच कळतं. नुकरा मात्र जन्मापासून पांढरा आणि त्याची कातडी गुलाबी असते.

अरबीची ठेवण
कपाळ रुंद, डोळे मोठे, नाकाच्या वर चेहऱ्याला किंचित खोलगट बाक, पाठ आखूड. चालताना शेपटी उंच धरतो. उंची साधारण 57 ते 61 इंच. 65 इंचाचा घोडा कोणी अरबी म्हणून दाखवला तर शंका घ्या. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकत असतील तर ते मारवाडी-काठेवाडी रक्त समजा.

वय दातांवरून
पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. पूर्ण पांढरा झालेला करडा घोडा ‘तीन वर्षांचा’ म्हणून सांगितला तर तोंड उघडून बघाच.

शेपटीखाली बघा
करड्या घोड्यांना कातडीच्या काळ्या गाठी होतात. 15 वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त करड्या घोड्यांत त्या आढळतात. शेपटीखाली, गुदद्वाराजवळ, ओठांवर आणि जबड्यामागे हात फिरवून बघा. सुरुवातीला त्रास नसतो, पण पुढे गाठी वाढू शकतात.

चाल आणि रक्ततपासणी
स्वार न बसवता कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवायला सांगा. लंगडत असेल तर डोकं वरखाली होतं. सर्वांत महत्त्वाची ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोड्याला दयामरण द्यावं लागतं. म्हणजे घोडाही जातो, पैसाही जातो आणि घरातल्या माणसांनाही धोका. देशात या तपासणीचं मुख्य केंद्र हरियाणातील हिसारची राष्ट्रीय अश्व संशोधन संस्था आहे. नमुना कुठे द्यायचा हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अहवाल अलीकडचा आणि त्याच घोड्याचा आहे ना, हे बघा.

कागद नसेल तर दर कमी
शुद्ध अरबीची ओळख म्हणजे आई-बापाची नोंद असलेलं नोंदणीपत्र. त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक यंत्र लावून घोड्याशी जुळवा. व्यवहार झाला की रंग, खुणा, वय आणि रक्कम लिहिलेली पावती घ्या. कागद नाही म्हणून घोडा वाईट ठरत नाही. अंगाने धड असेल तर खुशाल घ्या, पण समोर उभ्या असलेल्या घोड्याचा दर द्या, अरबीच्या नावाचा नको.