हिपॅटायटिस ई-संबंधित चेताविकार
हिपॅटायटिस ई विषाणूच्या संसर्गादरम्यान किंवा त्यानंतर उद्भवणाऱ्या चेतासंस्थेच्या विकारांना हिपॅटायटिस ई-संबंधित चेताविकार म्हणतात. हा विषाणू मुख्यतः यकृताला बाधित करतो. भारतात तो प्रामुख्याने दूषित पाण्यातून पसरतो. गुइलेन-बॅरे सिंड्रोममध्ये बहुधा पायांपासून वर चढत जाणारा अशक्तपणा येतो. चेताशूलजन्य स्नायुक्षयात खांद्यात अचानक तीव्र वेदना होऊन पुढे हाताचे स्नायू दुबळे होतात. मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा दाह क्वचित आढळतो. यकृत निकामी झाल्याने येणारी गुंगी व संभ्रम यांहून हे विकार वेगळे आहेत. अनेक रुग्णांना कावीळ होत नाही. त्यामुळे मूळ संसर्ग दुर्लक्षित राहू शकतो. अशा रुग्णांत यकृताची विकरे वाढलेली आढळल्यास रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे व विषाणूचा आरएनए तपासतात.