चौदा कॅरटचा कायदा आणि सोनाराचे हात

माणसाच्या रोजच्या देण्याघेण्यात सरकारने किती लक्ष घालावे, या विषयावर कामगार संघटनेचा कार्यकर्ता बोलायला उभा राहिला, की तो काय सांगणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. सरकारने आणखी कायदे करावेत आणि ते कडक करावेत, असेच तो म्हणणार. आमची उभी हयात असल्याच मागण्या करण्यात गेली, हे आम्ही नाकारीत नाही. पण आज आम्ही अशा एका कायद्याची हकीकत सांगणार आहोत, की ज्याने कष्ट करून खाणाऱ्या माणसाचेच हात बांधले. ती सांगताना, ज्यांच्याशी आमचे कधी पटले नाही त्या स्वतंत्रतावादी मंडळींचे म्हणणे कोठे खरे ठरले, हेही प्रामाणिकपणे मांडू.

प्रथम त्यांचे म्हणणे नीट समजून घेऊ. दोन शहाणी माणसे राजीखुशीने काही व्यवहार करीत असतील आणि त्यात तिसऱ्याचे नुकसान होत नसेल, तर सरकारने मध्ये पडू नये, हे त्यांचे मूळ सूत्र. कोणाला काय हवे आहे, हे कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याला कळत नाही. आणि त्याचा हुकूम चुकला तर त्याची झळ त्याला लागत नाही. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर प्रा. बी. आर. शेणॉय यांनी भिन्नमतपत्रिका जोडली, ती ह्याच विचाराने. १९५९ साली राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला आणि ‘परमिट-लायसन राज’ हा शब्द देशाच्या तोंडी बसवला. महाराष्ट्रात शरद जोशींनी शेतकरी संघटना उभारून, आणि पुढे १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढून, हाच विचार शेतमालाच्या भावाशी जोडला.

उलट बाजूही आपल्याच घरची आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली ज्यांनी सुरू केली, त्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सांगितले, की इंग्रजांचे मोकळ्या व्यापाराचे शास्त्र हिंदुस्थानासारख्या मागे पडलेल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही. इथे सरकारने पुढाकार घेतला पाहिजे. आम्ही कोल्हापूरकरांनी तर हे डोळ्यांनी पाहिले आहे. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली नसती, तर इथल्या गुळाला एवढी मोठी पेठ मिळाली नसती. राधानगरीचे धरण कोणा व्यापाऱ्याने बांधले नाही. तेव्हा सरकारचा हात सर्वत्रच वाईट, असे ह्या गावात कोणी म्हटले तर ते पटायचे नाही. पण सरकारचा हात बाजारपेठ वसवतो तसाच तो चालू दुकानही बंद करतो. त्या दुसऱ्या प्रकारची ही गोष्ट.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. देशावर मोठे संकट आले. बायाबापड्यांनी अंगावरचे दागिने उतरवून संरक्षण निधीला दिले. परकीय चलनाची टंचाई होती, आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्यापायी ते चलन बाहेर जात होते. जगाच्या बाजारात सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर, आणि आपल्याकडे त्याच्या जवळपास दुप्पट. मग तस्करी न होईल तर काय? लोकांची सोन्याची हौस कमी केली म्हणजे तस्करीही आटोपेल, असा हिशेब मांडून अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण जाहीर केले. दागिन्यांखेरीज इतर सोने सरकारला जाहीर करायचे, व्यापाऱ्याने परवाना घ्यायचा, आणि सर्वांत मोठे कलम म्हणजे, नवा दागिना १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचा घडवायचा नाही.

हेतू वाईट नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. युद्धाच्या छायेत, देशाच्या भल्यासाठीच तो हुकूम निघाला. परंतु १४ कॅरट म्हणजे काय, हे ज्यांनी तो काढला त्यांना कागदावर कळले होते, हाताला कळले नव्हते. शुद्ध सोन्याचे २४ भाग धरले तर बावीस कॅरटच्या दागिन्यात २२ भाग सोने असते. १४ कॅरटमध्ये सोने १४ भाग आणि बाकीचे १० भाग तांबे-चांदीसारखे दुसरे धातू. म्हणजे सोने शेकडा ५८ च्या आसपास. असा धातू कठीण होतो, पातळ पत्रा ओढताना चिरतो, रंगालाही उतरतो. कोल्हापुरी साजाची पाने आणि मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेले असतात. त्या कामाला मऊ सोने लागते. बापाकडून मुलाने शिकलेली कला ज्या धातूवर चालायची, तो धातूच कायद्याने काढून घेतला.

गिऱ्हाइकाची बाजूही तशीच होती. आपल्या भागातल्या शेतकऱ्याच्या घरी सोने केवळ मिरवायला नसते. गूळ विकून आलेल्या पैशातून पाटल्यांचा जोड होतो, आणि बियाण्याला, औषधपाण्याला पैसा कमी पडला की तोच जोड गहाण पडतो. १९६३ साली खेडोपाडी बँका नव्हत्या. मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते १९६९ साली. बाईच्या हक्काचे म्हणावे असे स्त्रीधन काय ते एवढेच. ज्या दागिन्यात निम्म्याला थोडे अधिक सोने, तो अडीअडचणीला किती उपयोगी पडणार? तेव्हा लोकांनी साधी गोष्ट केली. १४ कॅरटचा दागिना ते घडवायलाच गेले नाहीत.

मग ज्याच्याकडे फुंकणी, मूस, ऐरण आणि दोन हात एवढेच भांडवल, त्याने काय करायचे? देशाच्या निरनिराळ्या भागांतून सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. सरकारने कर्जे, मुलांच्या शिक्षणाला सवलती, दुसरे काम अशा योजना पुढे केल्या. सप्टेंबर १९६३ मध्ये नियम थोडे सैल करून, स्वतः हाताने काम करणाऱ्या सोनाराला दाखला घेऊन गिऱ्हाइकाचे जुने सोने त्याच कसात पुन्हा घडवण्याची मुभा दिली. पण तोवर कित्येकांच्या भट्ट्या थंड झाल्या होत्या.

आम्हाला हे पुस्तकातून कळले त्याच्या आधी माणसातून कळले. दहावीनंतर शाळा सुटली आणि १९८७ च्या सुमारास आम्ही उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तिथे एक वयस्कर फिटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांची कानस लोखंडावर अशी हलकी फिरे, की मिस्त्रीसुद्धा बघत उभा राहायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत आम्ही विचारले, तेव्हा कळले की मामा मूळचे गुजरीतले सोनार. अठ्ठावीस वर्षांचे असताना कायदा आला. सहा महिने त्यांनी वाट पाहिली, मग ऐरण विकली आणि कारखान्याच्या दारात उभे राहिले. कसोटीचा दगड आणि फुंकणी मात्र घरी ठेवली होती.

त्यांच्याबरोबरीचे काही जण दार लावून बावीसचेच काम करीत राहिले. त्यांच्याविषयी मामांनी जे सांगितले, ते आम्ही पुढे संघटनेच्या कामात कधी विसरलो नाही. चोरून केलेल्या कामाची मजुरी ठरवून मागता येत नाही. देणारा देईल ते घ्यायचे. कमी दिले तरी ओरडायचे कोणापुढे? आधी ज्या डागाला चार आणे जास्त मागता येत, त्यालाच आता निम्म्यावर मान तुकवावी लागे. कायद्याने सोन्याची घडण थांबली नाही. घडवणाऱ्याची किंमत तेवढी उतरली.

आम्ही तेव्हा नुकतेच लाल झेंड्याखाली आलो होतो. ‘नियंत्रण’ हा शब्द आम्हाला पवित्र वाटे. आम्ही मोठ्या तोऱ्यात विचारले, “मग मामा, तुम्ही संप का नाही केला?”

मामा हसले. “संप कुणाच्या दारात करायचा हुता पोरा? आमाला मालकच नव्हता.”

ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या चळवळीच्या हिशेबात कामगार तो, ज्याच्यासमोर मालक उभा आहे. ज्याच्यासमोर थेट सरकारच उभे आहे, अशा कारागिराला आमच्या झेंड्याखाली जागाच नव्हती. त्याला आम्ही दुकानदारांत ढकलून मोकळे झालो होतो.

सोनार मात्र स्वस्थ बसले नव्हते. १९६६ साली देशभर त्यांनी सत्याग्रह केले, आणि त्याच वर्षी १४ कॅरटची अट उठली. परंतु नियंत्रण गेले नाही. १९६८ साली संसदेने सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच केला. त्यातली एक गंमत पाहण्यासारखी आहे. एका कुटुंबाजवळ चार किलोपर्यंत दागिने असले, तरी ते जाहीर करण्याची सक्ती नव्हती. सोनाराला मात्र दाखला, वही आणि गुंजा-गुंजाचा हिशेब. हरकचंद रतनचंद बांठिया यांच्या खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने, सोन्यावर नियंत्रण ठेवण्याचा संसदेचा अधिकार मान्य केला. पण ‘सार्वजनिक हित’, ‘अर्जदाराची योग्यता’ असल्या मोघम शब्दांवर परवाना देण्या-नाकारण्याची सत्ता अधिकाऱ्याला देणारी तरतूद, आणि अशी आणखी काही कलमे, रद्द केली. मोघम शब्द कोणाच्या उपयोगी पडतात, हे कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

शेवटी हा कायदा जून १९९० मध्ये गेला. तो रद्द करणारे अर्थमंत्री कोणी मोकळ्या बाजाराचे पुजारी नव्हते. ते होते मधु दंडवते. कोकणातल्या राजापूरचे खासदार, जन्मभराचे समाजवादी. सत्तावीस वर्षांत तस्करी थांबली नाही, सोन्याची हौस आटली नाही, आणि त्रास झाला तो लहान कारागिराला, हे उघड झाले होते. ते मान्य करायला एक समाजवादी पुढे आला, याचे आम्हाला तेव्हा नवल वाटले होते. आता अभिमान वाटतो. बातमी घेऊन आम्ही मामांकडे गेलो. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “आता बारीक काम दिसत न्हाई.”

मग स्वतंत्रतावाद्यांचे सगळेच मान्य करायचे काय? नाही. त्यांच्या सूत्रातला ‘राजीखुशी’ हा शब्दच आम्हाला अडतो. मुंबईच्या गिरणीत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारा माणूस राजीखुशीने राबत नव्हता. घरी चूल पेटत नव्हती म्हणून राबत होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. पुढे कायद्याने कामाचे तास बांधले. तिथे सरकार मध्ये पडले नसते, तर सौदा कधीच बरोबरीचा झाला नसता. तो कायदा बलवानाचा हात धरतो. १४ कॅरटच्या कायद्याने दुबळ्याचा हात धरला. दोन्हींना ‘सरकारी हस्तक्षेप’ असे एकच नाव देऊन एकाच तागडीत तोलणे, ही त्यांची चूक. आणि दोन्हींना ‘नियंत्रण’ म्हणून सारखाच जयजयकार करणे, ही आमची चूक.

सोन्याच्याच पेठेत ह्याचे दुसरे उदाहरण आहे. जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्याविरुद्ध सराफांनी एक दिवसाचा बंदही केला. कागदपत्रांचा जाच लहान दुकानदाराला अधिक होतो, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण हा कायदा काय घडवायचे ते सांगत नाही. जे घडवले त्याचा कस खरा सांग, एवढेच म्हणतो. गिऱ्हाइकाजवळ कसोटी नसते, म्हणून सरकारने ती धरावी, हे रास्त आहे. आणि गंमत अशी, की आज १४ कॅरटचा दागिना शिक्का मारून उघड विकला जातो, आणि ज्यांना तो हवा ते आपखुशीने घेतात. १९६३ साली जे दंडुक्याने झाले नाही, ते आवडीने होते आहे.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण एवढेच, की मामांच्या जागी आज दुसरी माणसे आहेत. रस्त्यावरचा फळवाला, घरी शिलाई करणारी बाई, गाडीवर भाकरी विकणारी मावशी, ह्यांना मालक नाही; त्यांच्यासमोर थेट सरकार उभे आहे. २०१४ साली फेरीवाल्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो चांगला आहे. पण त्यातही दाखला आलाच, आणि दाखला आला की तो देणारा आला. म्हणून आमच्या संघटनेत आम्ही आता एक रीत पाडली आहे. कोणत्याही नव्या कायद्याची मागणी करण्यापूर्वी, त्याच्यापायी कोणाला कचेरीच्या दारात उभे राहावे लागेल, त्या माणसाला बोलावून घ्यायचे आणि आधी त्याचे ऐकायचे. ठराव मागाहून. १९६३ साली गुजरीतल्या एका सोनाराला जरी कोणी असे बोलावले असते, तरी १४ कॅरटचा पत्रा चिरतो हे त्याने पाच मिनिटांत करून दाखवले असते.