तळटीप १७ : लोकरीच्या लडींची परीक्षा

१७. बऱ्हाणपूर हे पूर्वीच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भुसावळ-खांडवा टप्प्यावरचे स्थानक. लेखकाने इथे जिचा ओझरता उल्लेख केला आहे, ती लोकरीच्या लडींची परीक्षा मूळची स्वीडनची. तिथे १८७५ साली लागरलुंडाजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. उप्सालाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी त्याचे खापर रंगांधळेपणावर फोडले. (पुरावा कच्चा होता, असे अलीकडचे अभ्यासक म्हणतात, ते पटण्यासारखे आहे.) रंगांधळेपणा हेरण्याची त्यांची परीक्षा मात्र हुशारीची होती. फिकट हिरवी लड पुढे ठेवायची आणि ढिगातून तिच्या रंगाच्या लडी काढायला सांगायचे. रंगाचे नाव विचारायचेच नाही, कारण नावे पाठ करून वेळ मारून नेता येते. दोष असलेला माणूस हिरवीसोबत करडी, बदामी लडही बिनदिक्कत उचलतो. बऱ्हाणपूरचे रंगीत कापड सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएने नोंदवले आहे. तिथल्या रंगाऱ्याला या परीक्षेचे नवल वाटले नसते.

रंगांधळेपणाचा शास्त्रीय अभ्यास या परीक्षेहून जुना. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ मध्ये मँचेस्टरला स्वतःच्याच दृष्टिदोषावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा, हा त्यांचा तर्क. १८४४ मध्ये ते वारल्यावर, त्यांच्याच इच्छेनुसार, डोळा उघडून पाहिला. द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या अवशेषांतला डीएनए १९९५ मध्ये तपासला गेला, तेव्हा हिरव्या भागातील प्रकाश टिपणारे रंगद्रव्यच त्यांच्या डोळ्यात नव्हते, असे ठरले. — संपा.