न सकारलेली हुंडी : ऑगस्ट १९१४

परदेशी निघालेला मनुष्य आपली संपत्ती बरोबर नेत नाही. तिच्याविषयीचे एक पत्र नेतो. आपल्याकडील हुंडी ही अशाच पत्राची एक जात. एकोणिसाव्या शतकातील सधन युरोपीय वा अमेरिकन प्रवाशाजवळ पतपत्र असे. त्याच्या गावच्या पेढीने परगावच्या पेढ्यांना लिहिलेले ते पत्र दाखवायचे, सही करायची, सही जुळली की पैसे हाती पडत. १८९१पासून अमेरिकन एक्सप्रेसचे ट्रॅव्हलर्स चेकही आले. या साऱ्या व्यवहारात सोने क्वचितच हलत असे. हलत असे तो विश्वास.

१९१४च्या उन्हाळ्यात हा विश्वास आठवडाभरात कोसळला. जगभरच्या व्यापारी हुंड्या लंडनमध्ये सकारल्या जात. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि युरोपातून लंडनकडे येणारी देणी थांबली. देणी येईनात म्हणून हुंड्या वटेनात, आणि हुंड्या वटेनात म्हणून पतपत्रांवर पैसे देण्यास परगावच्या पेढ्या धजेनात. ३१ जुलैला लंडनचा शेअर बाजार बंद झाला. १ ऑगस्टला बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर १० टक्क्यांवर नेला. ३ ऑगस्टची नेहमीची बँक-सुट्टी ६ तारखेपर्यंत वाढवण्यात आली. बँक ऑफ इंग्लंडची सर्वांत लहान नोट ५ पौंडांची होती; सोन्याची नाणी लोकांनी दडवून ठेवल्यावर तिची मोड मिळणे दुरापास्त झाले. ७ ऑगस्टला बँका उघडल्या त्या सरकारी खजिन्याच्या १ पौंडाच्या नव्या नोटांसह. या नोटा घाईघाईने टपाल-तिकिटांच्या कागदावर छापलेल्या होत्या आणि त्यांवर खजिन्याचे सचिव जॉन ब्रॅडबरी यांची सही होती. एका सहीवरचा विश्वास उडाला, तेव्हा दुसरी सही पुढे करावी लागली.

त्या वेळी युरोपात एक लाखाहून अधिक अमेरिकन होते. त्यांच्या पतपत्रातील एकही अक्षर खोटे झाले नव्हते, मायदेशी त्यांची ठेव शाबूत होती. तरीही हॉटेलवाला रोख मागे आणि रोख कोठेच नसे. श्रीमंती आणि पैसा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातील वाक्य त्यांनी प्रत्यक्ष अनुभवले. मात्र त्यांच्यामागे एक समर्थ राष्ट्र होते. अमेरिकेच्या काँग्रेसने २५ लाख डॉलर मंजूर केले, आणि ६ ऑगस्टला ‘टेनेसी’ ही युद्धनौका सोने घेऊन न्यूयॉर्कहून निघाली. लंडनमध्ये हर्बर्ट हूवर या खाण-अभियंत्याने अडकलेल्यांना मदत करण्याचे काम उभारले. तेथून त्याचे सार्वजनिक जीवन सुरू झाले आणि ते राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले. त्याची कारकीर्द संपली १९३३च्या मार्चमध्ये, अमेरिकेतीलच बँकांना टाळी लागत असताना!

या प्रसंगाची आपल्याकडची एक कडी नोंदवली पाहिजे. गोपाळ कृष्ण गोखले यांना भेटण्यासाठी गांधी १८ जुलैला दक्षिण आफ्रिकेहून निघाले. पण इंग्लंडला पोहोचल्यावर त्यांना कळले, की प्रकृतीसाठी गेलेले गोखले पॅरिसमध्ये अडकले आहेत आणि लंडनशी दळणवळण तुटले आहे. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकांची चिकित्सा ज्यांनी आयुष्यभर केली, त्यांनाही त्या दिवसांत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तथापि या इतिहासातील खरा प्रश्न पुढेच आहे. अडकलेल्या पर्यटकांची हकिगत आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे, कारण त्यांनी पत्रे लिहिली, आठवणी लिहिल्या, वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या. त्याच महिन्यात रशियन अमलाखालील पोलंडातून हंगामी शेतकामासाठी जर्मनीत आलेले सुमारे ३ लाख मजूर तेथेच अडकले. त्यांना घरी परतण्यास मनाई झाली आणि त्यांच्याकडून सक्तीने काम करून घेतले गेले. तेही परदेशी प्रवासीच होते. पण त्यांच्या खिशात पतपत्र नव्हते आणि त्यांच्यासाठी सोन्याचे जहाज निघाले नाही.

प्रवासवर्णन शिकताना व शिकवताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ज्याची पत असते त्याचीच आपत्ती बहुधा साहित्यात उतरते. पत नसलेल्याची आपत्ती शोधायची, तर सरकारी हुकूम आणि मजुरांच्या याद्या चाळाव्या लागतात. आणि तेथे तो स्वतः बोलत नाही, त्याची केवळ मोजणी होते.