वीतभर रुळांचा इतिहास

खेळण्यांतील आगगाडी म्हटली कीं आपल्यापैकीं पुष्कळांस सावंतवाडीची लांकडी गाडी आठवते. ती रंगविलेली असते, तिला दोरी बांधलेली असते आणि ती अंगणांत हवी तिकडे ओढतां येते. तिला रूळ नसतात आणि मुलाला त्यांची उणीवही भासत नाहीं. आजचा विषय याहून वेगळा आहे. खऱ्या आगगाडीचें प्रत्येक माप एका ठराविक प्रमाणांत लहान करून ती घरांत रुळांवर चालविणें हा एक छंद आहे. त्यांतही जी शाखा वीतभर जागेंत वळण घेऊं शकणारी गाडी करते, तिचा इतिहास मी सांगणार आहें.

जर्मनींतील गॉपिंगेन येथें १८५९ सालीं सुरू झालेली मार्कलिन ही पेढी प्रथम बाहुल्यांच्या घरांतील पत्र्याचीं भांडीं करीत असे. १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत तिनें किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. किल्लीची गाडी कांहीं अपूर्व नव्हती. अपूर्व होती ती रुळांची शिस्त. रुळांमधील अंतरें ठराविक करून त्यांस क्रमांक दिले गेले. त्यामुळें आज घेतलेल्या इंजिनास पुढील वर्षीं घेतलेले डबे आणि सांधे जुळूं लागले. ज्या वस्तूंत भर घालतां येते, तिचाच मनुष्याला नाद लागतो. खेळण्याचा छंद झाला तो अशा रीतीनें.

त्या वेळच्या क्रमांक एकच्या रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर होतें. त्याहून लहान, ३२ मिलिमीटरचें माप निघालें तेव्हां एकाखालचा अंक म्हणून त्यास शून्य हें नांव मिळालें. पुढें महायुद्ध झालें, घरें आणि मिळकती दोन्ही आखडल्या आणि दिवाणखाना भरून टाकणारी गाडी परवडेनाशी झाली. १९२२ सालीं न्यूरेंबर्गच्या बिंग या कारखान्यानें १६.५ मिलिमीटर रुळांची, मेजावर मावणारी गाडी काढली. याच रुळांवर पुढें खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचें प्रमाण रूढ झालें, आणि शून्याच्या निम्मे म्हणून 'एचओ' हें त्याचें नांव जगभर झालें.

आपल्या महाराष्ट्रांत हा छंद पाहावयाचा तर पुण्यास जावें. कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं खुलें झालें. तेथील गाड्या याच सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या आहेत. एका व्यक्तीच्या हौसेनें केवढें नगर उभें राहूं शकतें, हें तेथें कळतें. पण त्यासाठीं दालन हवें. दोन खोल्यांच्या संसारांत तें कोठून आणावें? या प्रमाणांत मुंबईची बारा डब्यांची लोकल पावणेतीन मीटरांहून अधिक लांब होते.

हाच प्रश्न युरोपांत आणि जपानांतही पडला होता. १९६० सालीं न्यूरेंबर्गच्याच आर्नोल्ड या पेढीनें ९ मिलिमीटर रुळांची गाडी आणली. पुढें या मापाचें प्रमाण एकशेसाठावा हिस्सा ठरलें. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या चारही भाषांत 'नऊ' हा शब्द 'न'कारानें सुरू होतो, म्हणून या मापास 'एन' म्हणूं लागले. आपल्या मराठीसही तें नांव सहज पटावें! १९६५ सालापासून जपानच्या काटो या पेढीनें हें माप उचललें आणि लहान घरांच्या त्या देशांत तेंच मुख्य होऊन बसलें. १९७२ सालीं मार्कलिननें दोनशेविसाव्या हिश्श्याची, ६.५ मिलिमीटर रुळांची गाडी काढली आणि तिला रोमन वर्णमालेंतील शेवटचें अक्षर दिलें: 'झेड'. याहून लहान कांहीं होणें नाहीं, असा त्यांतला अभिमान! पण २००६ सालीं जपानांत साडेचारशेव्या हिश्श्याची, अवघ्या ३ मिलिमीटर रुळांची गाडी लोकांसमोर आली. १८५३ सालीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या आगगाडीचा ३४ किलोमीटरांचा मार्ग या प्रमाणांत ७६ मीटरांत संपतो आणि त्या गाडींतील उतारू तिळाहून किंचित् मोठा दिसतो.

आकार लहान करणें म्हणजे नुसता भागाकार करणें, असें वाटतें; परंतु निसर्ग सगळ्या गोष्टींना एकाच अंकानें भागूं देत नाहीं. लांबी दोनशेविसाव्या हिश्श्यावर आणली कीं वजन त्या अंकाच्या घनानें घटतें. शंभर टनांचें इंजिन हिशेबानें सुमारें ९ ग्रॅमांचें होतें आणि साडेचारशेव्या हिश्श्यांत तें जेमतेम एक ग्रॅम भरतें. इतकें हलकें इंजिन रुळांस घट्ट धरीत नाहीं. विजेचा प्रवाह रुळांतून चाकांत यावयाचा, त्यांत धुळीचा एक कण आला तरी गाडी थबकते. म्हणूनच ३ मिलिमीटरच्या गाडींत चाकांना लोहचुंबकाचें बळ दिलें आणि रूळ पोलादी केले. उलट, ९ मिलिमीटरचे चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात. आपल्या घरांतील जुन्या तबकांची हीच ती धातु. नांवांत रुपें असलें तरी तिच्यांत तांबें, निकेल आणि जस्त एवढेंच असतें. ती गंजत नाहीं. खाडीकांठच्या खारट हवेंत राहणाऱ्यानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

वेगाचाही असाच विचार करावा लागतो. ताशीं ८० किलोमीटर धांवणारी गाडी दोनशेविसाव्या हिश्श्यांत सेकंदाला अवघे १० सेंटिमीटर सरकली पाहिजे. नवशिके ती बाणासारखी सोडतात आणि मग ती खरी कां वाटत नाहीं, याचें आश्चर्य करीत बसतात!

आपल्या देशांतील हौशी माणसापुढें आणखी एक अडचण आहे. वरील बहुतेक मापें युरोपांतील १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलीं आहेत. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. तो एकशेसाठाव्या हिश्श्यांत साडेदहा मिलिमीटर भरतो. बाजारांतील रूळ मात्र नवाचे. अशा वेळीं एक तर डबे खरे ठेवून रूळ खोटे मानावे लागतात, नाहीं तर रूळ स्वतः घडवावे लागतात. पण याच विसंगतींतून एक सुरेख मार्ग निघतो. सत्त्याऐंशीव्या हिश्श्यांत ९ मिलिमीटरचे रूळ ७८३ मिलिमीटरच्या जागीं होतात, आणि आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ होते ७६२ मिलिमीटरचे! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियरानें उभारलेली ही रेल्वे १८९७ सालीं बार्शीस पोहोंचली; १९०६ सालीं ती पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस गेली. किती वारकरी तिनें पांडुरंगाच्या पायांशीं नेले! तो मार्ग आतां रुंद झाला आहे आणि ती अरुंद गाडी इतिहासजमा झाली आहे. परक्या देशाचा डोंगरी घाट मेजावर मांडण्यापेक्षां चंद्रभागेकडे निघालेली ही गाडी मांडणें अधिक शोभेल, असें माझें मत आहे.

आणि येथेंच हा छंद पोरखेळ राहत नाहीं. प्रतिकृति करणाऱ्यास छायाचित्र पुरत नाहीं. त्याला माप लागतें. फलाटाची उंची, डब्याची रुंदी, खिडक्यांची संख्या, हें सारें त्याला मोजावें लागतें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास विजेची पहिली गाडी गेली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. तो प्रवाह २०१६ सालीं हार्बर मार्गावरूनही गेला आणि त्याबरोबर ज्यांवर पिढ्यान् पिढ्या लोंबकळल्या, ते जुने डबेही गेले. त्यांची खूण घराघरांतील छायाचित्रांत असेल; मापें किती जणांपाशीं आहेत?

नवी मुंबईंतील सारसोळें हें नेरूळचें कोळी-आगरी गांव घ्या. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि या किनाऱ्यावर नवें शहर आंखलें गेलें. १९९३ सालीं लोकल नेरूळास आली. गांवाची जेट्टी, होड्या, खाडी, कांदळवन, त्यांमागें इमारतींच्या रांगा आणि त्यांतून जाणारी आगगाडी: एवढा पालट एका आयुष्यांत झाला. दोनशेविसाव्या हिश्श्यांत १४५ मिलिमीटर त्रिज्येचें वळण पुरतें. म्हणजे साधारण पाऊण हात रुंदीच्या फळीवर आगगाडीचा फेरा बसतो आणि उरलेल्या लांबींत जेट्टी व तांदुळाच्या दाण्याएवढे कोळी मावतात. आखूड लोकल त्यावर सुखानें फिरेल. बारा डब्यांची मात्र १ मीटर १४ सेंटिमीटर लांब होईल, आणि तिच्यासाठीं फळीही लांब हवी.

ज्याच्या घरीं मोजपट्टी, कागद आणि एक जिज्ञासु मूल आहे, त्यानें जर्मनीहून पेटी येण्याची वाट पाहूं नये. प्रथम जेट्टीवर जावें, वृद्ध कोळ्यास नमस्कार करून त्याच्या होडीची लांबी मोजून घ्यावी आणि पूर्वीं पाणी कोठपर्यंत येत असे, तें विचारावें. रूळ पुढच्या वर्षींही विकत मिळतील. तें उत्तर देणारा मनुष्य पुढच्या वर्षीं भेटेलच, असें नाहीं.