पाड्यावरच्या आशाताईंची वाटचाल

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या नाशिकच्या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी यांच्या वस्त्या डोंगरउतारांवर विखुरल्या आहेत. इथे बाळंतिणीच्या दारात वजनकाटा घेऊन येणारी आशाताई बहुधा त्याच गावची सून असते. तिच्या या कामाची पायवाट पडली गडचिरोलीत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळे घरीच दगावत होती. दवाखाना लांब, आणि ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही हा रिवाज. मग उपचारच घरी न्यायचे ठरले. ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायका 'आरोग्यदूत' म्हणून तयार झाल्या. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला उबेत ठेवणे, जंतुदोष ओळखणे हे सगळे त्या शिकल्या. जंतुदोषावर जेंटामायसिनचे इंजेक्शनही देऊ लागल्या. १९९३ ते ९५ या काळात त्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बाळे दगावत होती. १९९७-९८ मध्ये आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. ज्ञान गावातल्या बाईच्या हाती दिले की काय घडते, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्यातून 'आशा' ही गावातली आरोग्य कार्यकर्ती आली. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे हे तिचे काम झाले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, नाळ, बाळ अंगावर नीट पिते की नाही हे ती पाहते, आणि आईला रक्तस्राव किंवा ताप आहे का हेही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये, असा मोबदला तेव्हा ठरला.

इंजेक्शन मात्र तिच्या हाती आले नाही. धोक्याचे लक्षण दिसले की दवाखान्यात पाठवायचे. पावसाळ्यात ओढा भरून वाहत असला आणि आजारी माणसाला झोळीतून न्यावे लागत असले, की 'पाठवायचे' म्हणजे काय ते घाटमाथ्यावरच्या माणसाला सांगायला नको. दिवाळीनंतर कुटुंबे द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, तेव्हा भेटींची साखळीही तुटते.

काम बायकांचे, पण निर्णय कोणाचा? ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज इथे १९८७ मध्ये 'अलुकुरा' हे आदिवासी बायकांचे प्रसूती व आरोग्य केंद्र सुरू झाले. बाळंतपण कुठे, कसे, कोणत्या रीतीने व्हावे हे ठरवण्यात तिथल्या वडीलधाऱ्या बायकांचा शब्द होता. आपल्याकडे आशाताई माहिती गोळा करते, निर्णय वर होतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले.

नाशिक जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्याच्या बैठकीत सुरगाणा-पेठच्या आशाताईंना खुर्ची आणि मत दोन्ही द्या. कोणत्या पाड्याला गाडी केव्हा लागते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.